मदत हवी आहे: जाड होण्याची भीती न सांगणाऱ्यांमधला आहारविकार कसा ओळखायचा?

प्राथमिक चाचणीसाठी ईएटी-२६ ही आहारविकाराची २६ प्रश्नांची प्रश्नावली वापरणाऱ्यांना विचारतोय. 'नेहमी'ला ३, 'बहुतेकदा'ला २, 'बऱ्याचदा'ला १ गुण, शेवटचा प्रश्न उलटा मोजायचा, २० किंवा जास्त आले की सविस्तर मुलाखत. अडचण अशी की यातले बरेच प्रश्न वजनाच्या धास्तीवर बेतलेले आहेत. 'पोट फुगतं', 'भूकच लागत नाही' म्हणून जेवण टाळणारी व्यक्ती झपाट्याने खंगत असली तरी २० च्या खाली राहू शकते. मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये हाँगकाँगमधल्या ७० ॲनोरेक्सिया (खाणं टाळून वजन धोकादायक पातळीपर्यंत घटवणारा आहारविकार) रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यात निम्म्याहून अधिक जणांत जाड होण्याची भीती नव्हती. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेतही (२०१३) ती अनिवार्य नाही. तिच्याऐवजी वजन वाढू न देणारं सततचं वर्तन चालतं.

वजनातली घट, चुकलेली पाळी, उठताना येणारी चक्कर हे विचारतोच. पण पोटाचा खरा आजार वेगळा काढायला कोणते प्रश्न विचारता? 'त्रास थांबला आणि वजन वाढलं तर कसं वाटेल?' हा मला सर्वांत उपयोगी वाटतो. 'बारीक व्हायचंय का?' असं थेट विचारलं की उत्तर आपणच सुचवतो. कृपया तुमच्या प्रश्नांचे नेमके शब्द लिहा. घरच्यांना स्वतंत्रपणे काय विचारता, तेही सांगा.