खुराड्याला कडी होती, तरी दोन कोंबड्या गेल्या

प्रेषक: राजेंद्रनगर, इंदूर

नमस्कार मंडळी,

परवा सकाळी खुराडं उघडलं आणि पोटात धस्स झालं. पाचपैकी दोन कोंबड्या गेल्या होत्या. एक आतच पडलेली, मान तोडलेली, छाती खाल्लेली. दुसरीची नुसती पिसं, आत थोडी आणि चिकूच्या झाडाखाली पुष्कळ. कडी लावलेली होती, जाळी कुठेही फाटलेली नाही. उरलेल्या तिघी वरच्या दांडीला अशा चिकटून बसल्या होत्या की ज्वारी टाकली तरी खाली उतरेनात.

गेलेल्यांत एक कडकनाथ होती, झाबुआहून आणलेली. नातवाच्या तळहातावरचे दाणे टिपायची. तो शाळेतून आल्यावर अजून तिला शोधतो.

मागच्या भिंतीपाशी रोज दुपारी एक मुंगूस दिसतं. शेजारचे म्हणतात त्याचंच काम, पिठाच्या गोळीत औषध घालून ठेवा. माझा हात धजत नाही, पण तिघींचा जीवही वाचवायचा आहे. ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांनी कृपया सांगावं.

—

प्रेषक: महू

वहिनी, औषध अजिबात ठेवू नका. मुंगूस दिवसा फिरतं, अंधार पडला की बिळात जाऊन झोपतं. तुम्ही संध्याकाळी पाच मोजून आत घेतल्या आणि सकाळी तीन निघाल्या, म्हणजे चोर रात्रीचा आहे. त्या मुंगसाची यात काही चूक नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. आणि औषध खाल्लेला उंदीर कोणाच्या पोटात जाईल हे आपल्या हातात राहत नाही. घुबड खातं, मांजर खातं, मेलेला सापडला तर कोंबडीसुद्धा टोचते.

आधी कोण आलं होतं ते ओळखा, खर्च मग करा. कुत्रं शिरलं की सगळ्या मारतं आणि खातं थोडंच. धामण किंवा नाग अंडी आणि पिल्लं गिळतात, मागे कवचाचा तुकडाही राहत नाही. घूस पिल्लं बिळाकडे ओढते. शिक्रा दिवसाढवळ्या उघड्यावरचं पिल्लू उचलतो. मान तोडून छाती खायची आणि दुसरी कोंबडी झाडापर्यंत न्यायची, यावरून मला उदमांजराचा संशय येतो. इंदूरकडे त्याला बिज्जू म्हणतात. रात्री झाडावरून, पत्र्यावरून फिरतं, आणि चिकू पिकले की येतंच येतं. भटका बोकाही असू शकतो, म्हणून खात्री करा.

आज रात्री खुराड्याभोवती आणि वरच्या पत्र्यावर रांगोळी चाळणीने पातळ पसरा. सकाळी ऊन चढायच्या आत बघा. चार बोटं आणि नखांची खूण नाही, तर मांजर. चार बोटं आणि पुढे नखं, तर कुत्रं. पाच बोटं दिसली तर उदमांजर. गच्चीवरही एक चक्कर मारा. फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली तर मग शंकाच नको.

आता जाळीचं. षटकोनी भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, एवढंच. बाहेरच्याला ती थोपवत नाही. पंजा आत जातो, दातांनी तार वाकते. इंदूरच्या सियागंज बाजारात चार सुती वेल्डेड जाळी मागा, म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकांची. ती खिळ्यांनी ठोकू नका, वायसर घालून स्क्रूने आवळा. पत्रा आणि भिंत यांच्यात नालीची, म्हणजे पत्र्याच्या पन्हळीखालची, जी फट राहते ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते. डोकं शिरेल एवढी फट असली की उदमांजराचं अंगही शिरतं. मी तेवीस कोंबड्या सांभाळतो, आणि माझीही पहिली कडकनाथ अशाच फटीतून गेली. त्या रात्री मी दोनदा उठून कडी तपासली होती. वर मात्र बघितलं नाही.

खाली काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती लोण्यासारखी होते, म्हणून जाळी उभी पुरून भागत नाही. भिंतीच्या पायापासून बाहेरच्या बाजूला दोन फूट आडवी अंथरा, कडेने विटा ठेवा. उकरणारा जनावर भिंतीला चिकटून उकरतो, त्याला पायाखाली जाळी लागते आणि तो सोडून देतो. दांडी जाळीपासून हातभर आत घ्या. अंधारात कोंबडीला धड दिसत नाही, ती जागची हलत नाही, जाळीला टेकून बसली तर बाहेरूनच ओढली जाते. उरलेले दाणेही रात्री उचला. दाण्यांमागे उंदीर येतात, उंदरांमागे साप.

—

प्रेषक: न्यू जर्सी

मावशी, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या अंगणातल्या त्या चिकूखालीच आम्ही लहानपणी खेळायचो.

आमच्याकडे इथे रॅकून आहे. त्याची बोटं इतकी चलाख की साधी कडी तो सरकवून उघडतो. म्हणून आम्ही कडीच्या भोकात स्प्रिंगचा हूक अडकवतो, म्हणजे उघडायला दोन वेगळ्या हालचाली लागतात. तिकडे रॅकून नाही, पण तुमच्या गल्लीत माकडं येतात, आणि लहान मुलांच्या हातूनही कडी अर्धवट राहते. हूक स्वस्त मिळतो, लावून टाका.

—

प्रेषक: राजेंद्रनगर, इंदूर

काका, पाच बोटं!

पत्र्यावर रांगोळीत ठसे स्पष्ट उमटले होते, चिकूच्या फांदीकडून आलेले आणि कोपऱ्यातल्या फटीपाशी थांबलेले. त्या रात्री ती फट मी विटेने बंद केली होती, म्हणून आत शिरता आलं नाही. गच्चीवर टाकीमागे चिकूच्या काळ्या बियाही सापडल्या. शेजाऱ्यांना वर नेऊन दाखवलं, आता औषधाचं नाव कोणी काढत नाही.

रविवारी सुताराला बोलावून सगळीकडे चार सुती जाळी लावली, नालीच्या फटींतही तिचेच तुकडे दुमडून घातले. पत्र्यावर येणारी फांदी छाटली. दांडी आत घेतली. हूक नातवाने स्वतः निवडून आणला, आणि रोज संध्याकाळी तोच लावतो. मोठ्याने मोजतो: एक, दोन, तीन. काल रात्री पत्र्यावर पावलं वाजली, मी उठून बॅटरी मारली. तिघी दांडीवर होत्या, माना पंखांत घालून.

उरलेली कडकनाथ खुडूक बसत नाही, त्यामुळे तिची सात अंडी गावठीखाली ठेवली आहेत. एकवीस दिवस मोजतेय, आज सहावा.

जाळीचा अडीच फुटांचा तुकडा उरला आहे. कोणाला उपयोगी असेल तर घेऊन जा, ओटल्यावरच ठेवला आहे.