'क्वेलस्टॉफ' विषारी म्हणून नव्हे

नायट्रोजनचं जुनं नॉर्वेजियन नाव 'क्वेलस्टॉफ' हे तो वायू विषारी वाटल्यामुळे पडलं असावं, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. 'क्वेले' म्हणजे गुदमरवणं आणि 'स्टॉफ' म्हणजे पदार्थ, इथवर ठीक. पण हवेत सुमारे 78 टक्के हाच वायू असतो, प्रत्येक श्वासासोबत आपण तो आत घेतोच. नुसत्या नायट्रोजनने भरलेल्या बरणीत मात्र मेणबत्ती विझते, उंदीर गुदमरतो, कारण तिथे ऑक्सिजनच नसतो. नाव आलंय ते यावरून, आणि शब्दाचा साचा जर्मन 'श्टिकश्टॉफ'चा आहे. ऑक्सिजनचं 'सूरस्टॉफ', म्हणजे आंबट पदार्थ, हेही त्याच घडणीचं.

या नावाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 1905 साली स्थापन झालेल्या नॉर्स्क हायड्रो या नॉर्वेच्या कंपनीच्या मूळ लांबलचक नावात 'क्वेलस्टॉफ' होता! ही कंपनी हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायची, आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बिर्केलँड आणि अभियंता सॅम एडे यांची त्यासाठीची पद्धत विलक्षण होती. विजेची ज्योत चुंबकाच्या जोरावर थाळीसारखी पसरवायची आणि तिच्यातून हवा सोडायची. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग होऊन पुढे नायट्रिक आम्ल, मग त्याची चुनखडीशी क्रिया करून कॅल्शियम नायट्रेट. वीज अफाट लागायची, म्हणून कारखाने धबधब्यांजवळ, नोटोडेन आणि रियुकानला. ते खत 'नॉर्गेसाल्पेटर', म्हणजे नॉर्वेचा सोरा, या नावाने विकलं गेलं.