सकाळी स्टार्ट केली की इंजिनातून खडखड, मिस्त्री म्हणतो इंजिन खोला

लोकमान्यनगरवाला : नमस्कार मंडळी. तीन महिन्यांपूर्वी 2011 ची 1200 सीसी पेट्रोल गाडी घेतली, सेकंड हँड, मीटरवर 1,12,000 किमी. घेतली तेव्हा ठीक वाटली. आता थंडी पडल्यापासून सकाळी स्टार्ट केली की चार-पाच सेकंद खडखड खडखड, डब्यात खिळे हलवावेत तशी, मग आपोआप बंद. शिवाय गुर्रगुर्र असा दुसराच एक आवाज येतो, तो रेस दिली की वाढतो आणि एसी लावला की अजूनच. इंदुरातल्याच नवलख्याच्या एका मिस्त्रीने दोन मिनिटं ऐकलं अन् म्हणाला इंजिन खोलावं लागेल, 35 हजार धरून चला. दुसरा म्हणतो 20डब्ल्यू50 टाका, जाड ऑइल, आवाज दबेल. पुढच्या महिन्यात आई-बाबांना ओंकारेश्वरला न्यायचंय, वाटेत सिमरोल, भेरूघाटाचे चढ-उतार, म्हणून जीव धास्तावलाय. काय करू?

रामबागकर : भिया आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघितली का? गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा मग बघा. आणि काही करा पण आवाज कुठून येतोय हे कळल्याशिवाय कुणाला इंजिन खोलू देऊ नका.

वर्कशॉपकाका : हे दोन वेगळे आवाज आहेत, एकत्र धरू नका, तिथेच सगळे चुकतात. सकाळची चार सेकंदांची खडखड ही टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनातला कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीची, असू शकते. बऱ्याच गाड्यांत चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, रात्रभरात ऑइल खाली उतरतं, प्रेशर येईपर्यंत चेन ढिली राहून गाइडवर आपटते. ऑइल कमी असेल तर हे जास्त होतं, आणि जाड ऑइल टाकलं तर थंडीत ते पोचायलाच वेळ लागतो, म्हणजे खडखड वाढणार. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच टाका.

गुर्रगुर्र मला अल्टरनेटर, एसी फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टकडचं वाटतंय, एसीने वाढतं म्हणजे बेल्टवर लोड आला. लांब पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) घ्या, टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, मूठ कानामागच्या हाडाला, मग बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनर पुलीच्या बोल्टवर, वॉटर पंपावर, जिथे बेअरिंग गेलंय तिथे स्पष्ट घरघर ऐकू येते. बाही, मफलर लांब ठेवा, रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप फिरतो. तरी खात्री होत नसेल तर इंजिन थंड असताना बेल्ट काढून अर्धा मिनिट चालवा, आवाज गेला तर तो इंजिनाच्या आतला नाही. जास्त वेळ नाही हं, वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो बहुतेक.

टिकटिक आली तर तिची गती ऐका. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून 800 आरपीएमला एका व्हॉल्व्हची टिकटिक मिनिटाला 400, ते टॅपेट सेटिंगचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायचं काम. जड ठोका मिनिटाला 800, गरम झाल्यावर आणि चढावर वाढणारा, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा, तेव्हा मात्र इंजिन खोलावंच लागतं.

बडोदेकर_ताई : काकांचं शेवटचं वाक्य मनावर घ्या दादा. आमच्या जुन्या गाडीत असा ठोका होता, मी टॅपेट समजून चालवत राहिले, एक दिवस ऑइलचा लाल दिवा लागला, वाटलं घर जवळच आहे, सहा किमी नेली आणि इंजिन जाम. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नाही, प्रेशर गेल्याचा असतो, लागला की जिथे असाल तिथे बाजूला घेऊन बंद करायची. आई-बाबा सोबत असतील तर जास्तच.

लोकमान्यनगरवाला : काका, ताई, खूप आभार. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं, लिटरभर लागलं, 5डब्ल्यू30 टाकलं, मॅन्युअलमध्ये तोच आहे. सकाळची खडखड एका सेकंदावर आली. काल शेजारच्या पोराला घेऊन बेल्ट काढला, गुर्रगुर्र पूर्ण गायब! पेचकसाने टेन्शनर पुलीच निघाली, हाताने फिरवली तरी खरखरते. पुली आणि बेल्ट मिळून 1,900 लागले.

पण लिटरभर ऑइल गेलं कुठे? खाली डाग नाही.

वर्कशॉपकाका : छान केलंत. आता दर 500 किमीला पट्टी बघून वहीत लिहा, आणि सकाळी स्टार्ट करताना कुणाला तरी मागे उभं करा, पहिल्याच झटक्यात निळसर धूर आला तर व्हॉल्व्ह सील गेले, ऑइल तिथून आत जाऊन जळतंय. ती एक सेकंदाची खडखड राहिली तर घाटाआधी चेन आणि टेन्शनर बघून घ्या, चेन फार ताणली तर चाकाचा दात सुटतो, टायमिंग चुकतं आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. धूर आला का ते इथेच लिहा.