'माउली आली' की 'माउली आले'?

हडपसरची सून
पालखीच्या दिवशी आमची सोसायटी चहा वाटते. यंदा कापडी फलकावर मी 'माऊली आली' लिहिलं आणि ग्रुपवर भांडण पेटलं. 'आले' हवं म्हणे. अहो, माउली म्हणजे आई ना? शिवाय गेल्या वर्षी मिशाळ आजोबा मला म्हणाले, "माउली, साखर जरा बेतानं." मग माझ्या सासूबाईंना माउली, बावीस वर्षांच्या मुलालाही माउली! नक्की कोण माउली?

दिंडी नंबर विचारू नका
सगळेच. पण क्रियापद माणूस बघून बदलतं. ज्ञानोबारायांबद्दल बोलताना आदरार्थी पुल्लिंगी: 'माउली निघाले'. कीर्तनकारही ओवी सांगताना 'माउली म्हणतात' असंच म्हणतो. विठोबाला मात्र थेट आईच केलंय, म्हणून 'विठुमाउली पावली'. आणि पेपरात 'त्या माउलीने हंबरडा फोडला' येतं, तिथे कुणाची तरी साधी आई.
तुमच्या हडपसरलाच दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. सासवडकडे वळते ती माउलींची, लोणी काळभोरकडे जाते ती तुकोबांची. नुसतं 'माउली' म्हटलं की आळंदीचेच.
हाक मारताना लिंग, वय काही बघत नाहीत. माझ्या पहिल्या वारीत लोणंदला टाचेला हा एवढा फोड. शेजारच्या दिंडीतली एक बाई, माझ्याहून लहानच, म्हणाली, "बसा माउली." सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, पाणी झिरपत राहावं म्हणून. मी पाया पडायला वाकलो तर ती आधीच माझ्या पायाशी! तिथे हे असंच चालतं. डोकी आपटतात कधीकधी.

काना-मात्रा
आणि ताई, 'माउली'तला उ ऱ्हस्व. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व, 'बाहुली'सारखा. 'माऊली' दुकानांच्या पाट्यांवर हजार ठिकाणी दिसेल, तरी.

हडपसरची सून
@दिंडी, कुणी माउली म्हटलं तर उत्तर काय द्यायचं? मी नुसती हसले होते.

दिंडी नंबर विचारू नका
"बोला माउली." नाहीतर "रामकृष्णहरी." आणि साखर कमी घालायची.

हडपसरची सून
😄 घालते. रंगाऱ्याला फोन केला. 'ली'चं 'ले' फुकट करतो म्हणाला, 'ऊ'ची शेपटी खोडायचे वेगळे पैसे.