बाळाच्या रंगावरून त्याचे दिवस भरले होते की नाही, हे ठरवता येते का?

प्रश्न:
नमस्कार. चार दिवसांपूर्वी मला मुलगी झाली. पाळीची तारीख मला नक्की आठवत नाही आणि पहिली सोनोग्राफीही सातव्या महिन्यात झाली, त्यामुळे डॉक्टरांनी ३४ ते ३७ आठवडे असा अंदाज दिला आहे. आम्ही दोघेही सावळे आहोत. बाळ मात्र गुलाबी आहे, फक्त कानांच्या कडा आणि नखांच्या मुळाशी त्वचा गडद दिसते. रंग चढलेला नाही म्हणजे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, असे घरातील मोठी माणसे म्हणतात. हे खरे मानावे का?

उत्तर १ (नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिका):
ताई, एवढ्यावरून तसे ठरत नाही. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, तयार करणाऱ्या पेशी पहिल्या तिमाहीतच गर्भाच्या त्वचेत पोहोचतात. परंतु पूर्ण दिवसांच्या बाळातही त्यांचे काम जन्मानंतर वाढत जाते, म्हणून सावळ्या आईवडिलांचे बाळ जन्मतः उजळ दिसते आणि त्याचा रंग पुढील काही आठवड्यांत-महिन्यांत येतो. आम्ही पाहतो ती त्वचेची जाडी. २८ आठवड्यांच्या बाळाच्या पोटावर शिरांचे जाळे स्पष्ट दिसते आणि त्वचा इतकी नाजूक असते की चिकटपट्टी काढतानाही जीव मुठीत धरावा लागतो. दिवस भरत जातात तशा शिरा त्वचेआड जातात, पुढे भेगा पडतात, पापुद्रे सुटू लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा लालपणा रंगद्रव्याचा नसतो. पातळ त्वचेतून रक्त दिसत असते.

उत्तर २ (बालरोगतज्ज्ञ):
बाळाच्या खुणांना गुण देऊन ते किती आठवड्यांचे आहे हे ठरवणाऱ्या १९७०च्या डुबोविट्झ पद्धतीत त्वचेचा रंग हा स्वतंत्र निकष होता आणि तो बाळ रडत नसताना पाहायचा असे, कारण रडताना कोणतेही बाळ लाल होते. १९९१मध्ये सुधारलेल्या बॅलार्ड पद्धतीत त्वचेची पारदर्शकता, शिरा आणि भेगा यांना मिळून एकच गुण दिला जातो. त्याशिवाय अंगावरची लव, तळपाय, कान, स्तन, जननेंद्रिये आणि स्नायूंचा ताण यांचे गुण असतात. बेरीज ३५ आली तर साधारण ३८ आठवडे समजतात, तरीही दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात. मेलॅनिनला यात कोठेही गुण नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आज तिच्या तळपायावर टाचेपर्यंत रेषा दिसल्या. त्यावरून दिवस भरले होते असे समजावे का?

उत्तर १:
ताई, चौथ्या दिवशी त्या रेषांवर भिस्त ठेवू नका. जन्मानंतर त्वचा सुकते तशा नव्या रेषा उमटतात. जन्माच्या दिवशी गुणांकन झाले असल्यास ती नोंद मागून घ्या. रंगाकडे लक्ष द्यायचेच असेल तर ते काविळीसाठी द्या: दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहा, आणि पिवळेपणा दिसल्यास किंवा बाळ दूध ओढेनासे झाल्यास त्याच दिवशी दाखवा, कारण ३५-३६ आठवड्यांच्या बाळात कावीळ अधिक वाढू शकते.