मदत हवी आहे: पहिली लग्नाची ऑर्डर, कॅनन आर६ मार्क टू घ्यावा की आर५० वर भागेल?

कडकभाकरी

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, जुळे सोलापुरात राहते. बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत असल्या घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढते. मधूनमधून एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांचं कॅटलॉगचं कामही असतं. आजवर सगळं कॅनन १३००डी वर निभावलं. सोबत किटची १८-५५, एक ५५-२५० आणि ५० एमएम एफ/१.८. गोडॉक्सचा एक फ्लॅश आहे.

आता ओळखीतून लग्नाची ऑर्डर आलीये. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात, सगळंच. मी एकटी, मदतीला धाकटा भाऊ. १३००डी वर लग्न करायची माझी छाती होत नाही. फोकसचे पॉइंट ९, त्यातला मधलाच काय तो भरवशाचा. आणि कार्यालयात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे नेलं की नवरीच्या तोंडावर रवा पसरल्यासारखा दिसतो.

नव्या पेठेत जाऊन दोन कॅमेरे हाताळून आले. एक आर५०, १८-४५ किट लेन्ससकट. दुसरा आर६ मार्क टू, नुसती बॉडी. दुसऱ्याचा भाव पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट, वर लेन्सचे वेगळे. खोक्यावर बघितलं तर दोन्ही २४.२ मेगापिक्सेल! दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा प्रोफेशनल आहे, तो बिगिनरचा." एवढं बोलून गप्प. प्रोफेशनल म्हणजे नक्की काय, ते काही सांगेना.

अहो म्हणतात, हप्त्यावर घे पण मोठाच घे, सारखं सारखं कोण घेणार. सासूबाई म्हणतात, आधी ऑर्डरी तर येऊ देत. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

तर मेगापिक्सेल सारखे असताना जास्तीचे पैसे नेमके कशाचे? माझ्या जुन्या लेन्स चालतील का? लग्न मे महिन्यात आहे, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करून सांगा. सोनी-निकॉन सुचवू नका प्लीज. लेन्स कॅननच्या आहेत आणि नवी बटणं शिकायचं जिवावर येतं.

माळरान

लग्नाचं मला काही कळत नाही, मी नान्नज-हिप्परग्याला पक्ष्यांमागे फिरणारा माणूस. पण लेन्सचं सांगतो.

तुमच्या तिन्ही लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर चालतील, मध्ये ईएफ-ईओएस आर ॲडॅप्टर लागेल. त्यात काच नसते, त्यामुळे फोटोची प्रत उतरत नाही आणि ऑटोफोकसही नीट चालतो. गोम वेगळीच आहे. तुमची १८-५५ आणि ५५-२५० या ईएफ-एस लेन्स आहेत, १३००डी आणि आर५० सारख्या लहान सेन्सरसाठी बनवलेल्या. आर६ चा सेन्सर मोठा, फुल फ्रेम. आर६ वर लावल्या की कॅमेरा आपोआप मधला भागच वापरतो आणि २४ चे जेमतेम नऊ-साडेनऊ मेगापिक्सेल उरतात. म्हणजे दोन लाखांची बॉडी घेऊन फोटो १३००डी पेक्षा लहान. आर६ वर पुरी वापरता येईल अशी तुमच्याकडे एकच लेन्स, ती ५० एमएम.

उलट आर५० वर त्याच ५५-२५० ने ४०० एमएमएवढं जवळ दिसतं. मी स्वतः लहान सेन्सरवरच आहे, कारण माळावरचं काळवीट काही माझ्यासाठी जवळ येत नाही.

होम मैदान

ताई, लग्नं शूट करण्यात केस पांढरे झाले, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिला फरक कार्डाचा. आर६ मध्ये दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर लिहिता येतो. आर५० ला एकच कार्ड. माझं एकदा ऐन अक्षता पडायच्या वेळी कार्ड गेलं, स्क्रीनवर एरर. दुसऱ्या कार्डात सगळं होतं म्हणून अल्बम झाला. पार्टीला आजतागायत पत्ता नाही. बारशाला पाळणा परत हलवता येतो, आत्याबाई परत कानात कुर्र करतात. अक्षता परत टाका म्हणून भटजींना कोण सांगणार? आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू लग्नात नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर तलंब्रालूचे तांदूळ ओततात, तेही एकदाच. चार सेकंदांचा मामला.

दुसरा शटरचा. आर५० ला पूर्ण यांत्रिक शटर नाही. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसरा खराखुरा. एरवी कळतही नाही. पण जोरात धडाधड फोटो काढायला पूर्ण इलेक्ट्रॉनिकवर गेलात, तर स्टेजवरच्या एलईडी वॉलसमोर फोटोत आडवे पट्टे येतील आणि फ्लॅशही पेटणार नाही. इलेक्ट्रॉनिकवर फ्लॅश आर६ चाही पेटत नाही, पण खऱ्या पडद्यावर दोघांचेही सेकंदाला १२ फोटो निघतात, त्यामुळे सहसा तिकडे जायची गरज पडत नाही. आर५० मात्र रॉ मध्ये (कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये) सलग थोडे फोटो काढले की दम खातो.

तिसरा बांधणीचा. बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला गेला असाल तर भंडारा कुठे कुठे शिरतो ते माहीत असेल. हळदीच्या कार्यक्रमात वेगळं काय होतं? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर जो फुफाटा उडतो, त्यात मी आर६ बिनधास्त चालवतो, त्याच्या सांध्यांना धूळ-पाण्यापासून आडोसा आहे. आर५० ला तो नाही. म्हणजे लगेच बिघडतो असं नाही, पण जपावं लागतं. आणि हळद सुरू असताना लेन्स बदलायची नाही, कॅमेरा कुठलाही असो.

बॅटरी: आर५० ची व्ह्यूफाइंडरमधून बघत काढले तर कंपनीच्याच आकड्याने सव्वादोनशेच्या आसपास फोटो. आर६ ची मोठी, साधारण दीडपट चालते. बटणं: आर६ ला तीन चाकं आणि फोकसचा पॉइंट हलवायला जॉयस्टिक. डोळा न काढता सगळं बदलता येतं. आर५० ला एकच चाक, बाकी स्क्रीनवर बोट फिरवा.

आयबिसचं, म्हणजे बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचं, लोक फार कौतुक करतात. आर६ ला आहे, आर५० ला नाही. पण त्याने तुमचा हात हललेला सावरतो, नवरी हलली तर ते काय करणार? व्हिडिओला मात्र फरक पडतो.

आता दुकानदार सांगणार नाही ते सांगतो. अंधारात फोटो चांगला येतो तो आधी लेन्समुळे. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ लहान सेन्सरच्या अडीच पट, त्याने मिळतो साधारण सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आर५० ची किट लेन्स ४५ एमएमला एफ/६.३ वर येते, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. तुमची एफ/१.८ तिच्यापेक्षा साडेतीन स्टॉप जास्त उजेड घेते. किटवर जिथे आयएसओ १२,८०० लागेल, तिथे तुमच्या त्या जुन्या पन्नासवर हजारात काम होईल. तेव्हा आर६ घेऊन पैसे संपले आणि पुढे एखादी स्वस्तातली अंधारी झूम लावली, तर हप्ते भरून रवा तोच.

लूमवाला

ओ ताई, काय घाबरायलाव. टॉवेल-चादरीच्या कामाला आर५० लई झाला. आमच्याकडं फोटोग्राफर येतात ते स्टँडवर लावून, आयएसओ १००, एफ/८ वर काढतात. तिथं कुठला कॅमेरा होता ते काढणाऱ्यालाबी ओळखू येणार नाही.

एक मात्र बघा. जॅकार्ड चादरीच्या विणीवर कधीकधी इंद्रधनुष्यासारख्या लाटा उमटतात, मॉइरे म्हणतात त्याला. वीण बारीक आणि सेन्सरची जाळी तिच्याशी जुळली की होतं. महागडा कॅमेरा घेऊन जाईलच असं नाही. जरा मागंपुढं सरका, नाहीतर चादर थोडी तिरकी करा, जातं. आमचा एक माल त्या लाटांपायी नापास झाला होता. पार्टी म्हणाली, रंग उतरलाय!

हुतात्मा एक्सप्रेस

पुण्यात नोकरी, घर सोलापूर. मी आर८ सुचवेन. २०२३ चा, सेन्सर आर६ मार्क टू सारखाच, फुल फ्रेम, २४.२. डोळा पकडणारा ऑटोफोकसही त्याच पिढीचा. वजन बॅटरीसकट अर्ध्या किलोच्या आत. भावाने दोन्हींच्या मधला.

होम मैदान

आर८ चे फोटो चांगले, वादच नाही. पण त्यात कार्ड एक, बॅटरी आर५० चीच लहान, आयबिस नाही. म्हणजे आर६ मधला फोटो घेतला आणि लग्नाला लागणारा भरवसा काढून ठेवला. फिरस्त्यांना, प्री-वेडिंगवाल्यांना झकास. एकटीने लग्न करणाऱ्या बाईला मी तो देणार नाही.

हुतात्मा एक्सप्रेस

मान्य. पण मग निम्म्या सोलापूरची लग्नं एका कार्डाच्या १५००डी वर झाली, त्यांचे अल्बम झालेच ना?

होम मैदान

झाले. ज्यांचे झाले नाहीत ते इथे लिहायला येत नाहीत.

कडकभाकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. माळरान, ते नऊ मेगापिक्सेलचं दुकानात कुणी बोललंच नाही.

दोन शंका. डोहाळजेवणं फ्लॅटच्या हॉलमध्ये असतात, पाठ भिंतीला टेकते. आर५० वर ५० एमएम लावून तिथे काय दिसणार, ओटी भरणाऱ्या बाईचे नुसते हात? आणि माझा फ्लॅश आर५० वर चालेल ना? उन्हाचं कुणी बोललं नाही.

होम मैदान

बरोबर पकडलंत. आर५० वर ती पन्नास ८० एमएमसारखी दिसते, चेहऱ्याला छान, हॉलला निकामी. आर५० घेतलात तर सिग्माची १८-५० एफ/२.८ बघा, २०२४ पासून कॅननच्या आरएफ माउंटमध्ये, म्हणजे आर५० वर थेट बसेल अशी, मिळते. बारसं ते लग्न एकाच लेन्सवर होईल. तिला स्टॅबिलायझेशन नाही, पण माणसांचे फोटो तसेही सव्वाशेच्या (१/१२५ सेकंद) शटरखाली काढू नयेत.

फ्लॅश घेऊनच दुकानात जा. आर५० च्या शूला (फ्लॅश बसतो त्या खाचेला) नव्या पद्धतीचे मल्टी-फंक्शन संपर्क आहेत. जागेवर चढवा, पेटवा, दोन फोटो काढा. ॲडॅप्टर लागला तर त्याचे पैसे आधीच हिशोबात धरा. कॅननने याआधी १५००डी च्या शूवरची मधली पिनच काढून टाकली होती आणि लोकांचे फ्लॅश पेटवायचे चांगले ट्रिगर पडून राहिले. आर६ वर साधा फ्लॅश नेहमीसारखा चालतो.

उन्हाचं: कॅनन दोन्हींसाठी ४० अंशांपर्यंतचं तापमान सांगते आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४० ओलांडतं. फोटोला सहसा अडचण येत नाही, तापतो तो लांबलचक ४के व्हिडिओला. वरात निघेपर्यंत कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवू नका. काळी बॉडी उन्हात धरायची तर वर पांढरा ओला न केलेला टॉवेल टाका. सोलापुरात टॉवेलला काय तोटा!

आणि निकाल विचाराल तर: वर्षाला एखाद-दुसरं लग्न असेल तर आर५० घ्या, सिग्मा घ्या, आणि लग्नापुरता आर६ मार्क टू भाड्याने आणा. आपल्याकडे फोटोग्राफर एकमेकांना देतात, ओळख आणि डिपॉझिट लागतं. त्याच्याबरोबर २४-७० किंवा २४-१०५ पण मागून घ्या, कारण तुमच्या लेन्सवर भागणार नाही. महिन्याला दोन-तीन लग्नं यायला लागली की मग आर६ चा हप्ता कामातूनच निघतो, तेव्हा अहोंचं ऐका. बिल मात्र पक्कं घ्या. कॅनन इंडियाची वॉरंटी नसलेला माल थोडा स्वस्त पडतो आणि बिघडला की कुणी दारात उभं करत नाही.

कडकभाकरी

हे पटलं. म्हणजे सासूबाई जिंकल्या, पण त्यांना सांगणार नाही. 🙂

भाड्याचा आर६ लग्नाच्या आदल्या दिवशी न आणता दोन दिवस आधी आणते, हळदीआधी घरच्या घरी बटणं पाठ होतील. ॲडॅप्टर आणि माझी पन्नास त्यावर लावते, भाड्याची झूम दुसऱ्या बॉडीला लावत नाही. आर५० भावाच्या हातात देते, त्याने लांबून पाहुण्यांचे काढायचे. शेवटचं विचारते, १३००डी विकून टाकू का?

माळरान

येऊन येऊन किती येणार त्याचे? ठेवा. गरज पडली तर तिसरी बॉडी.

होम मैदान

विकू नका. आणि एक राहिलं: पन्नास आर६ वर लावलीत तर भाड्याची झूम नुसती पिशवीत बसेल. हळदीला आणि स्टेजवर आर६ वर झूमच ठेवा. पन्नास ॲडॅप्टरसकट भावाच्या आर५० वर द्या, त्याला लांबून चेहरे छान मिळतील. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायचं सेटिंग मेन्यूत स्वतः जाऊन चालू करा, भाड्याच्या कॅमेऱ्यात आधीच्याने काय ठेवलंय सांगता येत नाही. सगळ्या बॉड्यांची घड्याळं मोबाइल बघून एकाच मिनिटावर लावा. नाहीतर अल्बम लावायला बसलात की मंगलाष्टकांच्या आधी वरात येते.