मदत हवी आहे: 'अ क्वाएट प्लेस'मधल्या त्रुटींचं काय करू?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या गटात रविवारी 'अ क्वाएट प्लेस' (२०१८) हा इंग्रजी भयपट दाखवतोय. नंतरची चर्चा माझ्याकडे आहे. बरीच मंडळी ज्येष्ठ, भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांवर वाढलेली. असला चित्रपट पहिल्यांदाच बघणार. हॉल रस्त्यालगत, म्हणून रात्री उशिरा लावतोय. या चित्रपटात शांतताच सगळं काम करते.

जमेची बाजू मला दिसते. यातले हिंस्र प्राणी आवाजावर शिकार करतात आणि एक कुटुंब त्यांच्यापासून जीव वाचवत राहतं, त्यामुळं जिन्यातला एक खिळासुद्धा धडकी भरवतो. कुटुंबातल्या कर्णबधिर मुलीची भूमिका मिलिसेंट सिमंड्स या कर्णबधिर अभिनेत्रीनंच केलीय. तिच्या बाजूनं आवाज बंद होतो, तेव्हा तिला ऐकू न येणारा धोका आपल्याला दिसतो. फार सुंदर!

अडतं तर्कापाशी. धबधब्याजवळ मोठ्यानं बोलता येतं, मग कुटुंब तिथंच का राहत नाही? मुलीच्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी बसवलेल्या उपकरणाच्या) कर्कश आवाजानं प्राणी हतबल होतात, तर सैन्याला ते का सुचलं नाही? पुन्हा पाहिला, परीक्षणं वाचली. 'सिनेमा आहे, सोडून द्या' एवढंच मिळालं.

दुसऱ्या भागाचा आधार नको, तो कुणी पाहिलेला नाही. पहिल्याच भागात याचं उत्तर देणारं दृश्य आहे का, की उणीव आधीच मान्य करून चर्चा सुरू करू?